लाईट गेली, नेट गेलं, तरी सर्व्हरवरचा एडिटर जागेवर कसा ठेवायचा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की तुम्ही पलूसला घरून काम करता, कंपनीचा लिनक्स सर्व्हर मुंबईत आहे, पुट्टी ह्या प्रोग्रामनं लांबून लॉगिन करून व्हिम ह्या एडिटरमध्ये फाईल उघडता, आणि दिवसातून दोन-तीनदा लाईट जाते नाहीतर नेट जातं की सगळं बंद. परत लॉगिन केलं की स्वॅप फाईल (न सेव्ह केलेलं काम व्हिम जिच्यात लिहून ठेवतो ती) सापडली म्हणून भला मोठा मेसेज येतो, काल घाईत त्यावर काहीतरी दाबलं आणि दोन तासांचं काम गेलं. ऑफिसातला एकजण म्हणतो टीमक्स वापर, दुसरा म्हणतो व्हीएस कोड घे, तिसरा मॉश सांगतो. नेमकं काय धरायचं?

मी सांगलीत विश्रामबागला बसून गेली सतरा-अठरा वर्षं हेच काम करतोय, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज, हळदीचे व्यापारी, कारखान्यांची बिलिंग, सगळ्यांचे सर्व्हर कुठं पुण्यात कुठं मुंबईत आणि मी इथं, त्यामुळं लाईट जाऊन काम तुटणं काय असतं ते मला चांगलं माहीत आहे. कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्लिश अक्षरं टाका.

बाकी सगळं नंतर, आधी कालच्या फाईलचं बघू, कारण ते काम कदाचित अजून मिळेल. तुम्ही काय दाबलं ते लिहिलं नाही. डिलीटचं डी दाबलं असेल तर स्वॅप फाईल गेली, तिथं माझा इलाज नाही. पण बहुतेक लोक ई दाबतात, म्हणजे काहीही असू दे फाईल उघड, आणि तसं असेल तर जुनी स्वॅप फाईल तिथंच पडून असते. व्हिम मूळ फाईलच्या नावाआधी टिंब लावतो आणि शेवटी डॉट एसडब्ल्यूपी लावतो. टिंबानं सुरू होणारं नाव साध्या एलएसमध्ये, म्हणजे फाईलींची यादी दाखवणाऱ्या कमांडमध्ये, दिसत नाही, एलएस डॅश एलए करा मग दिसेल. ई दाबून परत उघडलं असेल तर नवीन स्वॅप डॉट एसडब्ल्यूओ नावानं तयार झाली असेल, जुनी एसडब्ल्यूपी वेगळी राहते. दिसली की पहिल्यांदा तिची कॉपी दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून ठेवा, त्याशिवाय पुढं काही करू नका. मग व्हिम डॅश आर (आर म्हणजे रिकव्हर) आणि फाईलचं नाव. एकापेक्षा जास्त स्वॅप असतील तर कुठली घ्यायची ते विचारेल, वेळ बघून निवडा. मजकूर आला की त्याच नावानं सेव्ह करू नका, वेगळ्या नावानं लिहा, मूळ फाईल आणि ही नवीन यांचा डिफ, म्हणजे दोन्हींतला फरक, काढा, डोळ्यांनी बघा, पटलं की मग मूळ फाईल बदला आणि स्वॅप पुसा. स्वॅप पुसायची राहिली तर उद्या परत तोच मेसेज येणार आणि परत गोंधळ.

आता ह्या मेसेजमध्ये एक ओळ असते जी कुणी वाचत नाही आणि खरं तर सगळं त्या ओळीतच असतं. तिथं प्रोसेसचा, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामचा, नंबर देतात आणि कधीकधी पुढं लिहिलेलं असतं की ती प्रोसेस अजून चालू आहे. तुमच्या घरची लाईट गेली तेव्हा तुमच्या लॅपटॉपनं किंवा राउटरनं सर्व्हरला ‘मी निघालो’ असं सांगितलेलंच नसतं, तार कापल्यासारखं झालेलं असतं. सर्व्हरला वाटतं बाई अजून तिकडं बसलेल्या आहेत, टाइप करत नाहीत एवढंच. त्यामुळं पाच मिनिटांत लाईट आली आणि तुम्ही परत लॉगिन केलं तर तुमचा जुना व्हिम अजून जिवंत असतो, फाईल धरून बसलेला. अशा वेळी ई दाबलं तर एकाच फाईलवर दोन व्हिम, आणि आर दाबलं तर मजकूर अर्धवट मिळायची भीती. त्याऐवजी क्यू दाबून बाहेर या, मेसेजमधला प्रोसेस नंबर घ्या, किल डॅश एचयूपी आणि तो नंबर. डॅश नऊ देऊ नका. एचयूपी सिग्नल मिळाला की व्हिम स्वॅप फाईल नीट पूर्ण लिहून मगच बंद होतो, डॅश नऊ दिलं तर त्याला तेवढी संधीच मिळत नाही. त्यानंतर व्हिम डॅश आर करा.

व्हिम २०० अक्षरं टाइप झाली की, किंवा तुम्ही ४ सेकंद थांबलात की, स्वॅपमध्ये लिहितो, हे डिफॉल्टच आहे. म्हणजे दोन तासांचं काम खरं तर जात नाही, जातात शेवटचे काही सेकंद. दोन तास जातात ते आपण घाईत चुकीचं बटण दाबतो म्हणून. मी पण नवीन असताना एका व्यापाऱ्याची दराची फाईल अशीच घालवली होती, अख्खी संध्याकाळ परत टाइप करत बसलो, तेव्हापासून तो मेसेज आला की हात कीबोर्डवरून काढून आधी वाचतो.

नॅनो वापरणाऱ्यांसाठी एवढंच की कनेक्शन तुटलं तर नॅनो फाईलच्या नावापुढं डॉट सेव्ह लावून कॉपी ठेवतो, ती शोधा. ईमॅक्स ३०० की दाबल्या की किंवा ३० सेकंद शांत राहिलं की नावाला दोन्हीकडं हॅशचं चिन्ह लावून ऑटोसेव्ह करतो, ती रिकव्हर फाईलनं परत घेता येते.

आता मूळ गोष्ट. टीमक्स, व्हीएस कोड, मॉश ह्यातलं चांगलं कुठलं हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी उभा आहे. तीन वस्तू वेगळ्या करून बघा. एक, तुम्ही ज्यावर बघताय आणि टाइप करताय तो स्क्रीन. दोन, एडिटरची चालू प्रोसेस, म्हणजे तुमचा कर्सर, अनडू, न सेव्ह केलेला मजकूर जिच्या पोटात असतो ती. तीन, डिस्कवरची फाईल. स्क्रीन पलूसला आहे, फाईल मुंबईला आहे, हे बदलणार नाही. प्रश्न फक्त मधल्याचा, एडिटर कुठं चालतोय आणि तुमची लाईट गेल्यावर त्याला कोण धरून ठेवणार. ह्याचं उत्तर ठरलं की हत्यार आपोआप ठरतं.

आत्ता तुमचा एडिटर मुंबईत चालतोय, पण त्याला धरलंय तुमच्या एसएसएच कनेक्शननं, म्हणजे पुट्टी ज्या वाटेनं सर्व्हरला जोडतो त्यानं. कनेक्शन मेलं हे सर्व्हरला उशिरा का होईना कळलं की तो टर्मिनल बंद करतो, आणि त्या टर्मिनलवरच्या प्रोग्रामना हँगअप सिग्नल जातो. एचयूपी म्हणजे हँगअप, फोन खाली ठेवला हा त्याचा अर्थ, जुन्या काळात मॉडेमवरून फोन लावून कॉम्प्युटरला जोडायचे तेव्हाचं नाव आहे ते. मुंबईचा सर्व्हर ठणठणीत, तिथं लाईट आहे, नेट आहे, आणि तरी तुमचा एडिटर बंद पडतो कारण पलूसची लाईट गेली. हे आपण का चालवून घ्यायचं?

टीमक्स इथं कामाला येतो. टीमक्स सर्व्हरवर स्वतःची एक वेगळी प्रोसेस चालू करतो आणि टर्मिनल ती प्रोसेस धरते. तुमचं एसएसएच फक्त खिडकीतून आत बघणारं. खिडकी बंद झाली तरी आतलं काम चालू. २००७ मध्ये आलेला प्रोग्राम आहे, त्याच्या आधी १९८७ पासून स्क्रीन नावाचा प्रोग्राम हेच करायचा आणि तुमच्या सर्व्हरवर टीमक्स टाकायची परवानगी नसेल तर स्क्रीन आहे का बघा, तोही चालेल. पण एक चूक मी पोरांना करताना इतक्यांदा बघितलीय, टीमक्स स्वतःच्या लॅपटॉपवर चालू करतात आणि त्याच्या आत एसएसएच करतात. त्यानं काहीच वाचत नाही, तुटणारी तार अजून मधेच आहे. आधी एसएसएच करून मुंबईत पोचा, तिथं टीमक्स, आणि त्याच्या आत व्हिम. ह्याच क्रमानं.

कमांड एकच लक्षात ठेवा: टीमक्स न्यू डॅश मोठा ए डॅश एस काम. ‘काम’ हे सेशनचं नाव, इंग्लिश अक्षरात तुम्हाला हवं ते द्या. मोठ्या ए मुळं होतं काय की त्या नावाचं सेशन आधीच असेल तर त्यात नेऊन बसवतो, नसेल तर नवीन करतो, त्यामुळं सकाळी असो की लाईट आल्यावर असो, तीच कमांड. कामावरून उठताना कंट्रोल बी दाबून सोडा आणि मग डी, तुम्ही बाहेर आणि एडिटर आत तसाच. कधी जोडल्यावर स्क्रीन छोट्या चौकोनात आणि बाजूला ठिपके दिसले तर समजायचं की तुमचं जुनं मेलेलं कनेक्शन अजून लटकलंय आणि त्याच्या खिडकीचा आकार आड येतोय, आधी कंट्रोल बी आणि डी नं बाहेर या, मग टीमक्स अटॅच डॅश डी केलं की जुन्यांना बाहेर काढून तुम्ही एकट्या आत.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट आहे, ह्यावरून अंदाज करा. आमच्याकडं विश्रामबागला घरात पाणी आलं नाही पण लाईट गेली आणि ती येणार कधी हे सांगायला कुणी नाही. मी त्या वेळी एका गिऱ्हाईकाच्या पेमेंटच्या स्क्रिप्टमध्ये मधोमध होतो, पंधरा-वीस ठिकाणी बदल, अर्धे केलेले अर्धे राहिलेले, आणि पलीकडं लोकांचे पैसे अडकलेले. यूपीएस वीस मिनिटं चालला. मग लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मिरजेला मेहुण्याकडं गेलो, त्याच्याकडं इन्व्हर्टर होता, तिथं मोबाईलच्या नेटवर जोडलं, अटॅच केलं आणि कर्सर जिथं सोडला होता त्याच ओळीत, कंसाच्या आत, जसाच्या तसा. अर्धवट बदलांची यादी डोक्यात ठेवायची गरज पडली नाही, बाजूच्या दुसऱ्या खिडकीत लॉग चालू होता तोही दिसत होता. त्या रात्री काम पूर्ण करून पैसे सोडले. त्या दिवसापासून मी साधी एका ओळीची फाईल उघडायची असली तरी टीमक्सच्या बाहेर उघडत नाही.

हाताला सवय लागेपर्यंत विसरायला होतं, म्हणून लॉगिन केलं की आपोआप टीमक्समध्ये जाईल अशी सोय करून ठेवा. पुट्टी सोडून विंडोज १० आणि ११ मध्ये स्वतःचं ओपनएसएसएच असतं ते वापरलं तर डॉट एसएसएच फोल्डरमध्ये कॉन्फिग नावाची फाईल करता येते. त्यात सर्व्हरच्या नावाची एक नोंद, त्याखाली रिमोट कमांड म्हणून वरची टीमक्सची ओळ आणि रिक्वेस्ट टीटीवाय येस. पण ह्यात एक खड्डा आहे, अशी नोंद असलेल्या नावावर फाईल पाठवणारं आरसिंक वगैरे चालत नाही, व्हीएस कोडही अडतो, कारण त्यांना स्वतःची कमांड पाठवायची असते. म्हणून एकाच सर्व्हरच्या दोन नोंदी करा, एक साधी फाईल पाठवायला आणि दुसरी टीमक्सवाली काम करायला. माझ्या प्रत्येक सर्व्हरच्या अशा जोड्या आहेत.

टीमक्समध्ये व्हिम वापरताना एस्केप दाबल्यावर अर्धा सेकंद अडकल्यासारखं वाटेल, तो नेटचा दोष नाही. जुन्या टीमक्समध्ये एस्केप टाइम ५०० मिलिसेकंद ठेवलेला असतो, टीमक्सच्या कॉन्फिगमध्ये तो १० करून टाका. एवढ्या एका गोष्टीवरून लोक टीमक्स सोडून देतात म्हणून सांगतोय.

कीपअलाइव्हचं बरेच जण सांगतील. सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल ६० ठेवा, पुट्टीत कनेक्शनच्या पानावर तसाच आकडा टाकायची जागा आहे. त्याचा उपयोग कशाला, तर तुम्ही जेवायला गेलात, काही टाइप केलं नाही, आणि मधल्या राउटरनं किंवा मोबाईल कंपनीनं रिकामं पडलंय म्हणून कनेक्शन सोडून दिलं, ते होऊ नये म्हणून. लाईट जाण्यावर त्याचा शून्य उपयोग. उलट आकडा फार लहान ठेवला, समजा १०, तर तीन वेळा उत्तर आलं नाही की तीस सेकंदांत क्लायंट स्वतःच कनेक्शन तोडतो, आणि नेट चाळीस सेकंदांनी परत येणार असेल तर जे जगलं असतं ते आपणच मारलं.

टर्मिनल गोठलं की लोक खिडकी बंद करतात, त्याआधी दोन गोष्टी बघा. विंडोजच्या सवयीनं सेव्ह करायला कंट्रोल एस दाबलं गेलं असेल तर टर्मिनल मुद्दाम थांबतं, कंट्रोल क्यू दाबा, लगेच चालू होईल. नवीन माणसाची निम्मी ‘हँग झालं’ ही तक्रार ह्यातलीच असते. आणि खरंच कनेक्शन मेलं असेल तर ओपनएसएसएचमध्ये एंटर, मग टिल्डचं चिन्ह, मग टिंब, एवढं दाबलं की ते मेलेलं कनेक्शन सुटतं आणि तुमचा प्रॉम्प्ट परत येतो.

मॉश बद्दल. २०१२ साली एमआयटीतून आलेलं काम आहे आणि मला मनापासून आवडतं. नेट गेलं, परत आलं, वायफायवरून हॉटस्पॉटवर गेलात, आयपी बदलला, मॉशला फरक पडत नाही, आणि नेट हळू असेल तर तुम्ही टाइप केलेलं सर्व्हरचं उत्तर यायच्या आधीच अंदाजानं स्क्रीनवर दाखवतो, त्यामुळं अक्षर मागं पडत नाही. पण दोन अडचणी. त्याला सर्व्हरवर यूडीपीचे ६०००० ते ६१००० मधले पोर्ट लागतात आणि कंपनीचे फायरवॉलवाले ते सहसा उघडून देत नाहीत. दुसरं, लॅपटॉपच बंद पडला, बॅटरी संपली, तर मॉशच्या जुन्या सेशनला परत जोडता येत नाही कारण त्याची किल्ली लॅपटॉपच्या मेमरीत होती ती गेली. म्हणजे मॉश असला तरी आत टीमक्स लागतोच.

हळू नेटवर काम करताना व्हिमची पद्धत का बरी पडते ते सांगतो, कारण ह्याचा लांबच्या कामाशी फार जवळचा संबंध आहे. व्हिमचा बाप व्हीआय, १९७६ च्या सुमाराला बिल जॉयनं बर्कलीत लिहिला, आणि तो घरून ३०० बॉडच्या मॉडेमवर काम करायचा. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. त्या वेळचा टर्मिनल ८० अक्षरांच्या २४ ओळींचा, म्हणजे १९२० अक्षरं, अख्खा स्क्रीन परत काढायचा म्हटलं तर मिनिटभर बसून राहायचं. अशा ठिकाणी प्रत्येक अक्षराचा हिशेब ठेवावा लागतो, म्हणून कमांड एकेका अक्षराच्या. एचजेकेएल का, तर त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलच्या त्याच बटणांवर बाण छापलेले होते. तर बाणाचं बटण चाळीस वेळा दाबून खाली जाणं म्हणजे चाळीस चकरा मुंबईला, त्याऐवजी ओळ नंबर आणि मोठा जी, एक चक्कर. शब्द बदलायला सी आय डब्ल्यू, बारा ओळी पुसायला १२ डीडी, पुढचा शब्द शोधायला स्लॅश. पावसात मोबाईलवर एक काडी रेंज असतानाही ह्यावर काम होतं, मी केलंय, आणि शिकायला आठ दिवस पुरतात.

आता व्हीएस कोड. २०१९ मध्ये त्याची रिमोट एसएसएचची सोय आली, आणि तिथं मधल्या वस्तूची जागाच बदलते. एडिटर तुमच्या लॅपटॉपवर, आणि सर्व्हरवर त्याचा एक मदतनीस जो फाईल वाचतो, लिहितो, शोधतो. टाइप करताना अक्षर मुंबईला जाऊन यावं लागत नाही, नेट गेलं तरी खिडकीत मजकूर तसाच दिसतो, नेट आलं की परत जोडतो. मोठा प्रोजेक्ट, दहा-वीस फाईल एकत्र, तर मी पण तोच उघडतो. फक्त तो मदतनीस तुमच्या होम फोल्डरमध्ये बसतो आणि मेमरी खातो, एक जीबीचा लहान सर्व्हर असेल आणि त्यावरच डेटाबेस चालू असेल तर जपून. सेंटओएस ७ सारखा जुना सर्व्हर असेल तर आताचा व्हीएस कोड त्यावर चढत नाही, त्याला जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी नवीन लागते. आणि त्याच्या आतल्या टर्मिनलमध्ये तीन तासांची स्क्रिप्ट लावून नेटच्या भरवशावर राहू नका, तिथंही टीमक्समध्येच लावा.

ईमॅक्सवाल्यांकडं दोन्ही वाटा आहेत, सर्व्हरवर ईमॅक्सचा डीमन, म्हणजे मागं चालूच राहणारा प्रोग्राम, ठेवून ईमॅक्स क्लायंटनं जोडायचं, किंवा लॅपटॉपवरच्या ईमॅक्समधून ट्रॅम्प ह्या त्याच्याच सोयीनं लांबची फाईल उघडायची. आधीपासून ईमॅक्स येत असेल तर करा, फक्त ह्यासाठी शिकायला जाऊ नका.

तुम्ही पुढं विचारलंय की एसएमएसचे मराठी मजकूर सर्व्हरवर बदलताना अक्षरं उलटीसुलटी दिसतात. हा वेगळाच त्रास आहे आणि आपल्या लोकांना तो हमखास होतो. पहिलं, भाषेची सेटिंग दाखवणारी लोकेल कमांड देऊन बघा, त्यात यूटीएफ-८ (मराठी अक्षरं साठवायची पद्धत) असलं पाहिजे, नसेल तर प्रश्नचिन्हं दिसणार, आणि टीमक्स डॅश यू नं चालू करा. पण हे सगळं बरोबर असलं तरी टर्मिनल हे मुळात एका चौकोनात एक अक्षर ह्या हिशेबानं बनलंय आणि आपली वेलांटी, रफार, जोडाक्षर त्या चौकोनात बसत नाहीत. ‘कार्यालय’ लिहिलं की कर्सर दिसतो एका ठिकाणी आणि अक्षर पुसलं जातं दुसऱ्या ठिकाणी. फाईलमधला मजकूर बरोबर असतो, दिसतो चुकीचा, आणि माणूस दिसतंय ते सुधारायला जाऊन बरोबर असलेलं बिघडवतो. एका शेतकरी मेसेजमध्ये रकमेच्या आधीचा शब्दच बदलून गेलेला मी बघितलाय, त्यावर शंभर फोन आले. म्हणून मराठी मजकुराची फाईल टर्मिनलमध्ये बदलायचीच नाही, हा माझा नियम. व्हीएस कोडमधून उघडा, किंवा फाईल लॅपटॉपवर आणा, साध्या एडिटरमध्ये बदला, परत पाठवा. तिथं अक्षरं तुमचा लॅपटॉप काढतो, नीट काढतो.

सिस्टीमच्या फाईलींना हात लावत असाल तर अजून थोडं. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होऊन एडिटर चालवण्यापेक्षा सुडो डॅश ई वापरा, तो तात्पुरती कॉपी तुमच्या नावानं उघडतो आणि तुम्ही बाहेर पडल्यावर मूळ जागी ठेवतो, म्हणजे मधेच लाईट गेली तरी मूळ फाईल अर्धवट राहत नाही. कुणाला रूटचे अधिकार द्यायचे ते ठरवणारी सुडोअर्स फाईल फक्त व्हीआय-सुडोनं, तो चूक असेल तर सेव्ह करताना सांगतो. आणि एसएसएचची स्वतःची कॉन्फिग बदलत असाल तर एसएसएचडी डॅश टी करून तपासल्याशिवाय रीस्टार्ट नाही, चालू खिडकी बंद न करता दुसऱ्या खिडकीतून नवीन लॉगिन होतंय का बघायचं, झालं तरच पहिली सोडायची. चूक झाली तर मुंबईला जाऊन कीबोर्ड लावायला कोण जाणार.

टीमक्सची एक मर्यादा पण आधीच माहीत असू दे. सर्व्हरच रीबूट झाला तर टीमक्स गेला, आतलं सगळं गेलं, म्हणून सेव्ह करायची सवय सोडायची नाही, आणि व्हिममध्ये सेट अनडूफाईल घालून ठेवा म्हणजे फाईल बंद होऊन परत उघडली तरी अनडू मागं जातं. उघडलेल्या फाईलींची मांडणी परत हवी असेल तर एमके सेशन आहे. आणि काही सर्व्हरवर असं होतं की लॉगआउट केल्याबरोबर टीमक्सही मरतो, तेव्हा टीमक्सला दोष देऊ नका, सिस्टीमडी (लिनक्सवर सगळे प्रोग्राम सांभाळणारी व्यवस्था) मध्ये किल युजर प्रोसेसेस नावाची सेटिंग येस केलेली असते, ऑफिसातल्या अ‍ॅडमिनला सांगून तुमच्या नावाला लॉगिनसीटीएल एनेबल लिंगर करून घ्या आणि त्यावर टीमक्स कसा चालू करायचा तेही त्यालाच विचारून घ्या.

तुमच्यासाठी मी असं करेन. रोजचं काम टीमक्समध्ये व्हिम, मराठी मजकूर आणि मोठे बदल व्हीएस कोडमध्ये, मॉश पोर्ट मिळाले तरच. आज एवढंच करा, सर्व्हरवर टीमक्स चालू करून त्यात एखादी बिनकामाची फाईल उघडा, चार ओळी टाइप करा, सेव्ह करू नका, आणि मुद्दाम राउटरची पिन काढा. दोन मिनिटं थांबा, परत लावा, लॉगिन करा, तीच टीमक्सची ओळ द्या. चार ओळी आणि कर्सर जागेवर दिसला तर उद्यापासून खरी फाईल उघडायला हरकत नाही, नाही दिसला तर स्क्रीनवर नेमकं काय आलं ते जसंच्या तसं उतरवून मला पाठवा, मी बघतो.